पाच जण आणि एक कहाणी

मराठीत 'मिशन' हा शब्द आला तो परदेशी माणसांच्या मागोमाग. 'मिशनची शाळा', 'मिशनचा दवाखाना', 'मिशनचे आवार' ही जोडपदे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणात आणि देशावर सारखीच रुळली. रत्नागिरीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७०च्या दशकात ठाणे मांडले. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि पुढे त्या गावाची सारी ओळखच बदलून टाकली. तेव्हापासून 'वैद्यकीय मिशन' म्हटले की दूरदेशीच्या दात्यांच्या पैशावर येथे येऊन रोग्यांची सेवा करणारे गोरे डॉक्टर डोळ्यांसमोर यावेत, हे स्वाभाविक होते. देणारे तिकडचे आणि घेणारे आपण, ही विभागणी त्या शब्दातच होती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून 'राजपुताना' नावाची आगबोट निघाली तेव्हा ही विभागणी उलटी झाली. बोटीवर पाच हिंदी डॉक्टर होते. जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनकडे राष्ट्रीय सभेने पाठवलेले ते वैद्यकीय पथक होते. अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल हे त्याचे प्रमुख, नागपूरचे मोरेश्वर चोळकर उपप्रमुख. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी हे उरलेले तिघे तरुण सदस्य. या पाचांपैकी महाराष्ट्राला आज एकच नाव ठाऊक आहे. इतिहासात पाच जण गेले. आठवणीत एकच उरला. हे कसे घडले आणि त्यात आपण काय गमावले, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

१.

प्रथम समुद्रमार्गांविषयी. साम्राज्याच्या काळात आपल्या किनाऱ्यावरून माणसे पूर्वेकडे गेली आणि तिकडून इकडे आली, ती बहुधा स्वतःच्या इच्छेने नव्हे. रत्नागिरीच्या टेकडीवरचा थिबा राजवाडा याची साक्ष देत उभा आहे. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचे राज्य इंग्रजांच्या हाती पडले, पुढच्या वर्षी थिबा राजाला रत्नागिरीस आणून ठेवले, आणि १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांसाठी थिबाच्या मंडालेस धाडण्यात आले. मंडालेचा राजा रत्नागिरीला आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेला, अशी ही देवघेव होती. प्रवास होता, पण प्रवाशाला विचारलेले नव्हते.

चीनशी असलेले नाते याहून अधिक अवघड होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या वैभवाचा मोठा आधार माळव्याची अफू होती. ती मुंबई बंदरातून कँटनकडे, म्हणजे आजच्या ग्वांगझौकडे जाई. त्या व्यापारात जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी संपत्ती मिळवली, आणि तिचा काही अंश मुंबईच्या सार्वजनिक दानधर्मात उतरला. १८४५ मध्ये सुरू झालेले जे. जे. रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण. कँटनला व्यसन आणि मुंबईला औषधोपचार, असा तो हिशेब होता. पुढे अफूच्या युद्धांत आणि १९००च्या बॉक्सर उठावाच्या वेळी हिंदी पलटणी चिनी भूमीवर उतरल्या. शांघायच्या रस्त्यांवर इंग्रजांच्या बाजूने दंडुका घेऊन उभा असलेला शीख पोलीस ही चिनी माणसाच्या मनातली 'हिंदुस्थानी' माणसाची प्रतिमा झाली. १९२७ मध्ये पुन्हा एकदा हिंदी फौज शांघायला रवाना झाली, तेव्हा राष्ट्रीय सभेने मद्रासच्या अधिवेशनात त्याचा निषेध केला. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या साम्राज्यविरोधी परिषदेत जवाहरलाल नेहरू चिनी प्रतिनिधींना भेटले होते.

स्वेच्छेने परदेशी जाणारे हिंदी लोकही होतेच. विद्यार्थी शिकायला जात. कार्यकर्ते झोळी घेऊन जात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. महिला विद्यापीठाची माहिती सांगत आणि मदत मिळवत ते जपानपर्यंत गेले; तोकियोचे महिला विद्यापीठ, ज्याच्या माहितीपत्रकावरून त्यांना स्वतःच्या विद्यापीठाची कल्पना सुचली होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर १९३०च्या अखेरीस ते आफ्रिकेला निघाले आणि तेथे सव्वा वर्ष फिरले. अण्णांच्या या यात्रांत कसलाही कमीपणा नव्हता. परंतु ती मागण्याची यात्रा होती. शिकण्यासाठी, मागण्यासाठी, राबण्यासाठी, लढण्यासाठी आणि शिक्षा भोगण्यासाठी हिंदी माणूस समुद्र ओलांडत होता. देण्यासाठी, तेही गटाने आणि राष्ट्रीय सभेच्या नावाने, तो निघाला १९३८ मध्ये.

२.

निमित्त होते एका पत्राचे. चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. अमेरिकन लेखिका ॲग्नेस स्मेडली यांचा या संपर्कात वाटा होता. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ३० जूनला त्यांनी वृत्तपत्रांतून आवाहन केले आणि ७ ते ९ जुलै हे दिवस चीनच्या मदतीसाठी निधी जमवण्याकरता पाळण्यात आले. जमले सुमारे २२,००० रुपये. त्यातून औषधे, शस्त्रक्रियेची साधने आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली.

चीनसारख्या देशावर चाललेल्या महायुद्धात २२,००० रुपये म्हणजे काय, असा प्रश्न त्या वेळीही कोणी विचारला असता तर तो गैर नव्हता. वैद्यकीय दृष्टीने ही मदत किरकोळ होती. तिचे मोल निराळे होते. ज्या देशाला स्वतःचे परराष्ट्रधोरण नव्हते, ज्याच्या वतीने युद्ध-शांततेचे निर्णय लंडनमध्ये होत, त्या देशाने एका परकीय युद्धात आपली बाजू कोणती हे स्वतः ठरवले आणि ते ठरवल्याचा पुरावा म्हणून पाच माणसे पाठवली. आधी निवडलेल्या एका डॉक्टरला सरकारने पासपोर्टच नाकारला. त्याच्या जागी आयत्या वेळी बसूंची निवड झाली. दान करायलाही परवानगी लागणाऱ्या लोकांचे हे दान होते. म्हणूनच ते निव्वळ दान नव्हते. ती एका अजून न झालेल्या राष्ट्राची कृती होती.

आणि ती परतफेडही होती, जाणीवपूर्वक असो वा नसो. ज्या बंदरातून अफूच्या पेट्या कँटनला जात, त्याच बंदरातून त्याच कँटनकडे आता औषधे निघाली होती.

पथकातल्या माणसांची निवडही बोलकी आहे. अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा करून आलेले. चोळकर हे वयाने वडीलधारे. नागपूरच्या राष्ट्रीय चळवळीतले जुने कार्यकर्ते. कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. निघाले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. ज्या सोलापूरने १९३० मध्ये मार्शल लॉ सोसला आणि जानेवारी १९३१ मध्ये आपले चार हुतात्मे फासावर जाताना पाहिले, त्या गिरणगावात त्यांचे घर होते. वैद्यकीय शिक्षण झाले मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. या संस्थेची कथा येथे आठवावी अशी आहे. येथे फक्त हिंदी डॉक्टरच शिकवतील आणि रुग्ण पाहतील, ही अट देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातली होती, आणि त्या अटीवर १९२०च्या दशकात परळला हे महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. हिंदी माणूस डॉक्टरकीत कोणाच्याही हाताखाली राहण्याची गरज नाही, हे सिद्ध करण्यासाठी काढलेल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी बारा-तेरा वर्षांनी परदेशी वैद्यकीय पथकात जातो, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. कोटणीस तेव्हा पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत होते. विद्यार्थिदशा नुकती संपत होती, अथवा संपलीच नव्हती, असे म्हणा ना!

३.

पथक १७ सप्टेंबरला कँटनला पोचले. तेथे त्यांचे स्वागत सुंग छिंगलिंग, म्हणजे श्रीमती सन यत-सेन यांनी केले. पुढे ते हँकोला गेले. पण ते जेथे जात होते तेथून चीनच मागे सरकत होता. कँटन २१ ऑक्टोबरला पडले. त्यानंतर काही दिवसांतच हँको पडले. माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर, निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर हे पाच जण यांगत्सी नदीच्या वरच्या अंगाला सरकत चुंगकिंगला आले.

चुंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे नामकरण. शांतिनिकेतनच्या चीन-भवनाचे तान युन-शान तेव्हा तेथे होते. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या अखेरीस 'हुआ' हे अक्षर जोडले. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. आपल्याकडे नाव बदलते ते लग्नात किंवा संन्यासात. येथे पाच पाहुण्यांच्या नावांत यजमान देश जाऊन बसला. पाचही जणांच्या, हे लक्षात ठेवायला हवे.

दुसरी गोष्ट: सोलापूरहून कोटणिसांच्या वडिलांच्या निधनाची बातमी आली. घरी परतण्याची मोकळीक होती आणि कारणही होते. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये हे पथक येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या डोंगराळ राजधानीत दाखल झाले.

या घटनांच्या आसपास भारतात एक वाङ्मयीन वादही रंगला होता, त्याची नोंद साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावी. जपानी कवी योने नोगुची यांनी जुलै १९३८ मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून जपानच्या चीनमधील युद्धाचे समर्थन केले. रवींद्रनाथांनी सप्टेंबरमध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले. आशियाई एकतेचे स्वप्न पाहणारे दोन मित्र त्या प्रश्नावर दुरावले. 'आशिया आशियाई लोकांचा' ही घोषणा आक्रमणाचे कातडे पांघरूनही येऊ शकते, हे रवींद्रनाथांनी ओळखले होते. 'राजपुताना' निघाली त्याच महिन्यातले हे उत्तर आहे. एक उत्तर शब्दांत दिले गेले. दुसरे आगबोटीवर चढले.

४.

पथकाची मुदत मर्यादित होती. प्रकृती, वय आणि कामाच्या अडचणी यांमुळे १९३९ मध्ये मुखर्जी आणि चोळकर परतले. अटल १९४० मध्ये आजारपणामुळे परतले. उरले बसू आणि कोटणीस. दोघे शान्सी-चाहार-होपे या सीमाप्रदेशात, शत्रूच्या फळीमागच्या भागात गेले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी तेथे फिरत्या शस्त्रक्रियेची पद्धत रुजवली होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये जखमेतून विषबाधा होऊन ते मरण पावले होते. त्यांच्या नावाने चाललेल्या 'आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालया'ची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली.

येथून पुढे कोटणिसांच्या कामाचे स्वरूप पालटते, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. तोवर ते मदत घेऊन आलेले पाहुणे होते. आता ते शिक्षक झाले. लढाईच्या काळात एक शल्यचिकित्सक कितीही रात्री जागला तरी किती जखमींना वाचवणार? पण त्याने शंभर जणांना टाके घालायला, हाड बसवायला, जंतुसंसर्ग टाळायला शिकवले तर हिशेब बदलतो. कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसती बोलायला नव्हे, वाचायला आणि लिहायलाही. त्यांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राच्या मूलतत्त्वांचे पुस्तक लिहिले. दुसऱ्या, अधिक विस्तृत पुस्तकाचे काम चालू असतानाच त्यांचा अंत झाला. परक्या भाषेत पाठ्यपुस्तक लिहिणे ही गोष्ट किती कष्टाची असते, हे शिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. 'अमर कहाणी'त तिला जागा मिळाली नाही, कारण पाठ्यपुस्तक लिहिणारा नायक पडद्यावर दिसायला फारसा नाट्यमय नसतो.

खेड्यातले लोक त्यांना 'काळी आई' म्हणत, अशी आठवण चिनी लेखनात वारंवार येते. त्या भाषेत हे संबोधन केवळ रंगावरून आणि मायेवरून आले असणार. मराठी कानाला मात्र त्यात भलतेच काही ऐकू येते. आपल्याकडे 'काळी आई' म्हणजे जमीन. सोलापूरच्या काळ्या मातीतून गेलेल्या माणसाला उत्तर चीनच्या पिवळ्या मातीत हे नाव मिळाले, हे त्यांना स्वतःला कसे वाटले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी बेथ्यून वैद्यकीय शाळेतल्या परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवले. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

५.

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढच्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले: 'अँड वन डिड नॉट कम बॅक', 'आणि एक जण परतला नाही'. शीर्षकातला 'आणि' पाहण्यासारखा आहे. त्या 'आणि'च्या मागे चार जण उभे आहेत. पाचवा वेगळा ठरतो तो त्या चौघांमुळे. अब्बास यांचे पुस्तक पथकाची गोष्ट सांगते आणि मग एकावर स्थिरावते.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमलतर्फे 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची, संगीत वसंत देसाई यांचे. शांताराम स्वतः कोटणीस झाले आणि जयश्री छिंगलान झाल्या. 'आणि' गेला, 'परतला नाही' हे वाक्यही गेले. उरली ती 'अमर कहाणी'. पुस्तकाच्या शीर्षकात एक अभाव होता, न परतलेल्या माणसाची रिकामी जागा होती. चित्रपटाच्या शीर्षकाने ती रिकामी जागा अमरत्वाने भरून काढली.

चित्रपटात काय बदलले ते बघणे उद्‌बोधक आहे. पडद्यावर प्लेगच्या साथीशी झुंज हा कथेचा कळसाध्याय होतो आणि नायकाच्या मृत्यूची मुळे त्या झुंजीत शोधली जातात. वास्तवात कोटणीस अपस्माराने गेले. मृत्यू सेवेमुळेच यायला हवा, ही हौतात्म्यकथेची जुनी गरज आहे. एखादा माणूस अतिश्रमाने खंगला, त्याला आधीपासूनचा आजार बळावला आणि औषधांचा तुटवडा असलेल्या खेड्यात तो गेला, हे सत्य तिला पुरत नाही. तिला कारण आणि परिणाम यांची सरळ रेघ हवी असते. याबद्दल शांतारामांना दोष देण्याचे कारण नाही. लोकप्रिय कथनाचा तो धर्मच आहे आणि शांतारामांइतका त्या धर्माचा जाणकार दुसरा नव्हता. शिवाय चित्रपटाची जुळणी झाली ती महायुद्धाच्या छायेत; जपान हा चीनचा आणि ब्रिटिशांचाही शत्रू होता, त्यामुळे राष्ट्रीय भावना आणि सरकारी सोय या दोहोंना चालेल असा हा दुर्मिळ विषय होता.

पण या कथनाने दोन गोष्टी झाल्या. पहिली, गट गेला आणि नायक आला. जुलै १९३८ मध्ये रस्तोरस्ती गोळा झालेले पैसे, पासपोर्टची अडवणूक, पाच जणांची पाच नावे, यांतून जे सामूहिक कृत्य उभे राहिले होते, ते एका थोर मनाच्या तरुणाच्या आत्मत्यागात रूपांतरित झाले. दुसरी, राजकारण गेले आणि करुणा उरली. कोटणीस शेवटी एका पक्षाचे सभासद होते, एका क्रांतिकारी सैन्याचे डॉक्टर होते. ते मानवतावादी होते हे खरेच, पण त्यांच्या मानवतेला एक निश्चित बाजू होती. आपल्या पाठ्यपुस्तकी आठवणीत ती बाजू पुसट झाली.

येथे प्रतिवाद होऊ शकतो की नायकाशिवाय आठवण टिकत नाही; चित्रपट नसता तर पाचही जण विसरले गेले असते. हा प्रतिवाद बिनतोड नसला तरी वजनदार आहे. १९४६ चा तो चित्रपट नसता तर कोटणिसांचे नाव घराघरांत गेले नसते, हे कबूल करायला हवे. मात्र कथन स्मृती टिकवते म्हणून ते जे गाळते त्याची चौकशी करू नये, असे होत नाही. समीक्षेचे काम तेथूनच सुरू होते.

६.

इतिहासाने या कथेला पुढे जे वळण दिले ते कोणत्याही पटकथाकाराला धाडसाचे वाटले असते. ज्या सुभाषबाबूंनी १९३८ मध्ये हे पथक जपानविरोधी युद्धासाठी पाठवले, ते मे १९४३ मध्ये जपानच्या मदतीने स्वातंत्र्यसंग्राम लढण्यासाठी तोकियोत दाखल झाले. कोटणिसांच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. १९३७ मध्ये जपानच्या विस्तारवादावर विश्लेषक लेख लिहिणाऱ्या सुभाषबाबूंना जपानचे स्वरूप ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. आपल्या शत्रूचा शत्रू निवडताना त्यांनी एक निर्णय घेतला, कोटणिसांनी दुसरा. दोघांनाही आपण आदराने स्मरतो, आणि दोघांचे निर्णय एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहण्याचे टाळतो. ते शेजारी ठेवले म्हणजे कोणी लहान होत नाही. काळ किती अवघड होता तेवढे कळते.

मग १९६२ आले. चीनशी युद्ध झाले आणि मैत्रीचे हे प्रतीक काही काळ अडचणीचे ठरले. चीनमध्येही सांस्कृतिक क्रांतीचा काळ आला. वैद्यकाचे शिक्षण घेत असलेला यिनहुआ १९६७ मध्ये ऐन पंचविशीत वारला. संबंध सुधारू लागले तसे नाव पुन्हा उजळले. चीनने कोटणिसांवर टपाल तिकीट काढले, भारताने १९९३ मध्ये काढले. श्च्याज्वांगच्या हुतात्मा दफनभूमीत त्यांची समाधी आहे. भारतभेटीवर आलेले चिनी नेते, २००६ मध्ये हू चिंताओ आणि २०१३ मध्ये ली खछ्यांग, मुंबईत कोटणीस कुटुंबीयांना भेटले. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक झाले. क्वो छिंगलान २०१२ मध्ये निवर्तल्या. दोन राज्यांना एकमेकांशी बरे बोलायचे असते तेव्हा कोटणीस आठवतात, आणि सीमेवर तणाव आला की विस्मरणात जातात. हौतात्म्याचा हा राजनैतिक उपयोग आहे. त्यात खोटे काही नसले तरी अपुरे पुष्कळ आहे.

आणि परतलेल्यांचे काय? बसूंनी चीनमधला आपला अनुभव येथे येऊनही चालू ठेवला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला परतून त्या उपचारपद्धतीचा भारतात प्रसार केला. कोटणीस स्मृती समितीचे कामही त्यांनीच उभे केले. देण्यासाठी गेलेला माणूस घेऊन परतला, आणि घेतलेले पुन्हा वाटत बसला. त्यांची दैनंदिनी १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली. पाचही जणांची हकिकत प्रत्यक्षदर्शीच्या शब्दांत वाचायची तर ती तेथे मिळते. 'अमर कहाणी'ला अशा उत्तरार्धाची गरज वाटली नाही.

चोळकरांच्या वाट्याला तेही आले नाही. नागपूरचा एक प्रौढ, नावाजलेला डॉक्टर, ज्याला घरी बसून राष्ट्रकार्य करायला कोणी कमी म्हटले नसते, तो उतारवयात युद्धभूमीकडे निघाला. कँटन आणि हँको पडताना पाहिले, बाँबहल्ल्यांतून चुंगकिंगला आणि तेथून येनानला गेला. मग परतला. 'परतला' या एका क्रियापदाने त्याला कथेतून वगळले. महाराष्ट्राने या पथकासाठी दोन डॉक्टर दिले होते, हे वाक्य मराठी पुस्तकांत किती वेळा वाचायला मिळते?

आज आपल्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांचे गट सेवेसाठी बाहेर पडतात. भूकंप, पूर, वादळ यांनंतर ते शेजारच्या जिल्ह्यांत जातात. काही गट परदेशीही जातात. अशा भेटींचे अहवाल लिहिताना आपली भाषा नकळत 'मिशन'च्या जुन्या अर्थाकडे घसरते: आम्ही गेलो, आम्ही दिले, त्यांनी घेतले. किंवा मग ती 'अमर कहाणी'कडे झेप घेते. पाच डॉक्टरांची हकिकत या दोन्ही भाषांना अपुरी ठरवते. त्यांनी दिलेले साहित्य थोडे होते आणि ते लवकर संपले. पुरले ते वेगळेच. परक्या भाषेत लिहिलेले पुस्तक पुरले. शिकवलेले विद्यार्थी पुरले. बसूंनी शिकून आणलेली विद्याही पुरली. त्यांच्यातला एक राहिला आणि चार परतले, हा पराक्रमाचा आणि माघारीचा हिशेब नव्हे. जाण्याचा निर्णय पाचांचा होता, त्यामागे पैसे देणारे हजारो होते, आणि स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची जबाबदारी अंगावर घेण्याची बुद्धी त्या सर्वांची होती. ती बुद्धी अमर आहे की नाही हे सांगता येत नाही. ती पाच नावांनी आठवली जावी, इतके मात्र आपल्या हाती आहे: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी.